विद्यापीठाच्या अंगणातील चौथरे

९ एप्रिल २०१५ च्या सायंकाळी दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन विद्यापीठाच्या प्रांगणात विद्यार्थ्यांचा प्रचंड जमाव लोटला होता. क्रेनच्या साखळदंडांनी बांधलेला सेसिल ऱ्होड्सचा ब्राँझचा पुतळा चौथऱ्यावरून अलगद उचलला गेला, तेव्हा काही जण नाचत होते, काही त्या पुतळ्यावर काठ्या आणि पट्टे मारीत होते, तर बरेचसे भ्रमणध्वनीवर ते दृश्य टिपण्यात गुंतले होते. मेरियन वॉलगेट या शिल्पकर्तीने घडविलेला हा पुतळा १९३४ पासून तेथे होता. हिऱ्यांच्या खाणींचा मालक, केप वसाहतीचा पंतप्रधान आणि आफ्रिकेच्या भूमीवर इंग्रजी साम्राज्याचा नकाशा स्वतःच्या हाताने आखू पाहणारा हा गृहस्थ त्या विद्यापीठाच्या दृष्टीने दाताही होता; कारण ज्या डोंगरउतारावर हे विद्यापीठ उभे आहे, ती जमीन त्याच्याच इस्टेटीची. एका महिन्यापूर्वी, ९ मार्च रोजी, एका विद्यार्थ्याने त्या पुतळ्यावर मैला फेकला आणि 'ऱ्होड्स पडलाच पाहिजे' ही घोषणा जगभर गेली. ८ एप्रिलला विद्यापीठाच्या परिषदेने ठराव केला आणि दुसऱ्या दिवशी पुतळा हलला.

भारतीय वाचकाला या प्रसंगात परके वाटावे असे काही नाही. पारतंत्र्याच्या खुणा अंगणात जपून ठेवाव्यात आणि त्यांच्या छायेत बसून स्वातंत्र्याचा इतिहास शिकावा, ही अपेक्षाच मुळात चमत्कारिक आहे. मुंबईत राजपुत्र एडवर्डचा काळा घोडा १९६५ मध्ये चौकातून निघून राणीच्या बागेत गेला. दिल्लीत इंडिया गेटच्या छत्रीखालचा पंचम जॉर्ज १९६८ मध्ये हलला. पुढे ती छत्री अर्धशतकाहून अधिक काळ रिकामी राहिली आणि ८ सप्टेंबर २०२२ रोजी तेथे नेताजी सुभाषचंद्र बोस उभे राहिले. आपल्याकडे हे स्थलांतर मैला न फेकता झाले. पुतळे शेवटी बाजूला ठेवले. काळ्या घोड्याच्या जागी २०१७ मध्ये स्वाराविना घोडा आला आणि मुंबईकराने त्याचेही स्वागत केले. जिंकलेल्याचे मूर्तिभंजन हा या मातीचा स्वभाव नव्हे. ज्यांचा होता, त्यांनी केलेल्या भग्न मूर्ती आजही शेकडो देवळांच्या आवारात पडलेल्या आहेत. म्हणूनच ऱ्होड्स हलला याचा आनंद मानताना, तो हलल्यानंतर काय झाले याकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. आपल्या देशातील विद्यापीठांच्या आवारांत जे घडते आहे आणि घडू घातले आहे, त्याचे उत्तर तेथे सापडते.

केवळ दहा महिन्यांनी, १६ फेब्रुवारी २०१६ रोजी, त्याच विद्यापीठात वसतिगृहांच्या टंचाईवरून आंदोलन पेटले. विद्यार्थ्यांनी आवारात उभारलेली पत्र्याची झोपडी प्रशासनाने हटविण्यास सांगितली, तेव्हा संतप्त जमाव निवासी इमारतींत शिरला, भिंतींवरील चित्रे उतरवून बाहेर आणली आणि त्यांची होळी केली. वीसहून अधिक चित्रे जळाली. त्यांत गोऱ्या कुलगुरूंची आणि मान्यवरांची व्यक्तिचित्रे होती हे खरे. परंतु त्याच ज्वाळांत केरेसेमोसे रिचर्ड बाहोलो या चित्रकाराचीही चित्रे होती. हा बाहोलो कोण? त्या विद्यापीठातून ललित कलेची स्नातकोत्तर पदवी मिळविणारा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी. त्याच्या चित्रांचा विषय कोणता? वर्णभेदाच्या राजवटीत विद्यापीठात झालेली आंदोलने आणि शैक्षणिक स्वातंत्र्याची विझलेली मशाल. जाळणाऱ्यांनी चित्राखालचे नाव वाचले नाही, चित्रही पाहिले नाही. भिंतीवर आहे म्हणजे ते 'त्यांचे' आहे, एवढेच त्यांना ठाऊक होते.

यानंतर विद्यापीठाने जे केले ते जाळपोळीहून सौम्य होते, पण कमी शोचनीय नव्हते. एका समितीच्या शिफारशीवरून सुमारे पंचाहत्तर कलाकृती उतरविण्यात आल्या किंवा झाकण्यात आल्या. डेव्हिड गोल्डब्लाट हा छायाचित्रकार आयुष्यभर वर्णभेदी समाजाचे चित्रण करीत राहिला. त्याने २०१७ मध्ये आपला संग्रह या विद्यापीठाकडून काढून घेऊन अमेरिकेतील येल विद्यापीठाला दिला. ज्या संघर्षाची साक्ष त्या छायाचित्रांत आहे, ती साक्ष आता त्या भूमीवरील मुलांना परदेशी जाऊन पाहावी लागणार! भारतातील हस्तलिखिते पाहण्यासाठी लंडनची वारी करणाऱ्या आपल्या संशोधकांना या दुःखाची जात ओळखता येईल.

आणि मग सारा बार्टमनची कथा. खोईखोई जमातीच्या या दुर्दैवी स्त्रीला १८१० मध्ये लंडनला नेऊन तिच्या देहाचे जाहीर प्रदर्शन मांडण्यात आले, पुढे पॅरिसमध्येही तेच झाले. १८१५ मध्ये तिचा मृत्यू झाल्यावर शास्त्रज्ञांनी तिच्या देहाचे विच्छेदन केले, आणि तिच्या देहाचा साचा पॅरिसच्या संग्रहालयात १९७४ पर्यंत लोकांना दाखविला जात होता. तिचे अवशेष मायदेशी परतले ते २००२ मध्ये. सुधारलेल्या युरोपच्या ज्ञानाची ही एक बाजू. विली बेस्टर या कलावंताने भंगारातील लोखंडी तुकडे जोडून तिचे शिल्प घडविले आणि ते विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवण्यात आले. बेस्टर स्वतः वर्णभेदाचे चटके सोसलेला. त्याचा हेतू करुणेचा आणि संतापाचा. परंतु विवस्त्र सारा पुन्हा एकदा येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेसमोर उभी आहे, हे कृष्णवर्णीय विद्यार्थिनींना असह्य झाले. २०१६ मध्ये त्यांनी त्या शिल्पाला वस्त्र नेसविले, डोक्याला फडके बांधले. त्या मुलींचे कृत्य पाहून डोळ्यांत पाणी यावे असेच ते आहे. कलावंताचा हेतू शुद्ध असला तरी समाजाचे मन दुखावू शकते, आणि दुखावलेल्या मनाने कलाकृती न फोडताही आपले म्हणणे मांडता येते, हे दोन्ही त्या एका वस्त्राने सांगितले. २०१८ मध्ये विद्यापीठाच्या मुख्य सभागृहाला सारा बार्टमनचे नाव देण्यात आले, हेही येथे नोंदविले पाहिजे.

आता जरा आपल्याकडे वळावे. मे २००७ मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील ललित कला विभागात एका विद्यार्थ्याच्या परीक्षेची चित्रे मांडली गेली. देवी दुर्गा आणि ख्रिस्ताचा क्रूस या विषयांवरील त्या चित्रांनी श्रद्धावंतांची मने दुखावली, निदर्शने झाली, विद्यार्थ्याला अटक झाली, प्रभारी अधिष्ठात्यांना निलंबित करण्यात आले. तेव्हा देशभरातील तथाकथित पुरोगाम्यांनी कलास्वातंत्र्याच्या नावाने जो आक्रोश केला तो अनेकांच्या स्मरणात असेल. कलेला भावनांचे काय देणे-घेणे, ज्याला आवडत नाही त्याने पाहू नये, असा सल्ला तेव्हा हिंदू समाजाला देण्यात आला. केपटाऊनच्या विद्यार्थिनींना हा सल्ला कोणी दिला नाही. तेथे भावना दुखावल्या ते 'वेदनेचे राजकारण' ठरले, त्यावर परिसंवाद झाले, प्रबंध लिहिले गेले. बडोद्यातील गृहिणीची दुखावलेली श्रद्धा मात्र 'असहिष्णुता'! सारा बार्टमनच्या अंगावर वस्त्र घालणारा हात संवेदनशील आणि दुर्गेच्या विटंबनेवर बोट ठेवणारा हात फॅसिस्ट, हा न्याय ज्या तराजूतून निघतो त्याचा काटा आधीच एका बाजूला वाकविलेला आहे.

एवढे म्हटल्यावर दुसरी गोष्टही म्हटली पाहिजे, कारण ती घरातली आहे. बडोद्यातील आक्षेप रास्त होता. त्याचा शेवट पोलिस कोठडीत व्हायला नको होता. परीक्षेसाठी विभागात मांडलेले चित्र आणि विद्यापीठाच्या दारात कायमचे उभारलेले शिल्प यांत फरक आहे. पहिल्यावर शिक्षकाने गुण द्यावेत, समाजाने टीका करावी, विद्यार्थ्याने ती ऐकावी. दुसरे मात्र सर्वांचे असते. त्याला सर्वांची संमती हवी. हा फरक त्या वेळी ठामपणे मांडला गेला असता, तर विद्यार्थी हुतात्मा झाला नसता आणि चर्चा दुर्गेच्या मूर्तिकल्पनेवर झाली असती. ती झाली अटकेवर. युक्तिवाद जिंकण्याची संधी असताना बळाचा अवलंब केल्याने, हातचा विजय विरोधकांच्या पदरात पडला.

चौथऱ्यांच्या बाबतीतही तेच. २०१६ च्या जून महिन्यात तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते घाना विद्यापीठात महात्मा गांधींच्या पुतळ्याचे अनावरण झाले. काही महिन्यांतच तेथील प्राध्यापकांनी तो हलविण्याची मागणी केली आणि डिसेंबर २०१८ मध्ये पुतळा हलविला गेलाही. तरुणपणी दक्षिण आफ्रिकेत असताना गांधीजींनी तेथील कृष्णवर्णीयांविषयी वापरलेली भाषा हे त्याचे कारण सांगितले गेले. संघाच्या एकात्मता स्तोत्रात ज्यांचे नाव नित्य उच्चारले जाते, त्या महापुरुषाला परक्या भूमीवर असे परत पाठविले जावे याचे दुःख कोणाही भारतीयाला होईल. माणसाच्या उत्तरायुष्याने पूर्वायुष्यावर केलेली मात त्या प्राध्यापकांना दिसली नाही, ही त्यांची संकुचितता होय. पण प्रश्न उरतोच, की तो पुतळा तेथे कोणी मागितला होता? तेथील विद्यार्थी गांधीजी वाचत होते काय? आधी वाचन नाही, ओढ नाही, आणि एके दिवशी मान्यवर येऊन पडदा बाजूला सारतात, अशा पुतळ्याची मुळे चौथऱ्यापेक्षा खोल जात नाहीत.

दिल्लीतील जवाहरलाल नेहरू विद्यापीठात स्वामी विवेकानंदांचा पुतळा माजी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने उभा राहिला. तो कापडात गुंडाळलेला असतानाच नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याच्या चौथऱ्यावर अर्वाच्य घोषणा लिहिल्या गेल्या. दरिद्रीनारायणाच्या सेवेचा मंत्र देणाऱ्या संन्याशाशी, गरिबांचे कैवारी म्हणविणाऱ्यांचे असे कोणते वैर असावे? १२ नोव्हेंबर २०२० रोजी पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे त्याचे अनावरण केले आणि आज तो तेथे दिमाखाने उभा आहे. रीतसर निर्णय, रीतसर निधी आणि कितीही चिखल उडाला तरी ढळू न देता पार पाडलेले काम असे त्याचे स्वरूप आहे.

याउलट ऑगस्ट २०१९ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या कला शाखेबाहेर जे झाले ते आठवले की मान खाली जाते. विद्यार्थी संघाच्या तत्कालीन अध्यक्षाने स्वातंत्र्यवीर सावरकर, सरदार भगतसिंग आणि नेताजी यांचे अर्धपुतळे एका खांबावर बसवून ते कोणतीही परवानगी न घेता आवारात आणून ठेवले. विरोधी संघटनेच्या मुलांनी सावरकरांच्या पुतळ्याला काळे फासले. त्या नीच कृत्याचा निषेध करावा तितका थोडाच. अंदमानच्या कोठडीत ज्याने तारुण्य वेचले त्याच्या मुखाला काळे लावणारा हात कोणत्या इतिहासाचा वारस आहे, हे सांगायला नको. चार-पाच दिवसांत ते पुतळे गुपचूप उचलले गेले. परंतु सावरकरांना चोरपावलांनी का आणावे लागले? त्यांच्या कवितेवर, त्यांच्या भाषाशुद्धीवर, रत्नागिरीतील पतितपावन मंदिरावर त्या आवारात वर्षभर व्याख्याने झाली असती, विद्यार्थ्यांनी पैसा-पैसा जमविला असता, कलामहाविद्यालयातील एखाद्या मुलाला काम दिले असते, तर पुतळ्याला उशीर झाला असता खरा. घाईत आणलेल्या पुतळ्याचा चार दिवसांत अवमान झाला. शिवाय अशा खांबांवर जे मुखवटे बसविले जातात, त्यांत सावरकर ओळखू येतात ते चष्म्यामुळे आणि टोपीमुळे. ही थट्टा नव्हे. राष्ट्रपुरुषांच्या प्रतिमा साच्यातून काढल्यासारख्या होऊ लागल्या आहेत आणि त्या करणाऱ्यांत आपलेही कार्यकर्ते आहेत.

मग विद्यापीठात कला यावी कशी? याचे उत्तर शोधायला केपटाऊनला जाण्याचे कारण नाही. बंगालमध्ये बोलपूरजवळ शांतिनिकेतन आहे. २०२३ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारशात समावेश केला. तेथील कलाभवनाच्या आवारात रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये 'संथाळ कुटुंब' उभारले. कामाच्या शोधात घरदार पाठीवर घेऊन निघालेले वनवासी स्त्री-पुरुष, टोपलीत मूल, बरोबर कुत्रा. ब्राँझ परवडत नव्हते, म्हणून त्या परिसरातलीच तांबूस मुरमाड खडी आणि सिमेंट यांच्या मिश्रणातून ते घडविले. देशात कोणीही राजा, गव्हर्नर किंवा शेठजी नसलेल्या माणसांचे एवढे मोठे शिल्प उघड्या जागेत उभे राहण्याचा हा प्रारंभीचा प्रसंग होय. रामकिंकर स्वतः बांकुड्यातील अत्यंत सामान्य कुटुंबातले. ज्या वाटेने संथाळ रोज जात-येत, त्याच वाटेच्या कडेला त्यांचे शिल्प आले. त्यासाठी कोणाचे अनुदान नव्हते, समारंभ नव्हता. वनवासी कल्याणाचे काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने ते एकदा पाहावे.

त्याहूनही विलक्षण काम हिंदी भवनाच्या भिंतींवर आहे. बिनोदबिहारी मुखर्जी यांनी १९४६-४७ मध्ये तेथे मध्ययुगीन संतांचे जीवन चितारले. ही चित्रकाराची दृष्टी जन्मापासून अधू. एका डोळ्याने दिसतच नसे आणि दुसऱ्याने जेमतेम. पुढे १९५७ च्या सुमारास तीही गेली. अशा माणसाने खोलीच्या तीन भिंतींच्या वरच्या भागात, ओल्या गिलाव्यावर, आधी पूर्ण आकाराचा आराखडा न छापता, थेट रंग लावीत सुमारे ऐंशी फूट लांबीचे चित्र पुरे केले. ओला गिलावा वाळण्याआधी रंग द्यावा लागतो. चूक झाली तर पुसता येत नाही, तो भाग खरवडून पुन्हा लिंपावा लागतो. त्या भिंतींवर रामानुज आहेत, कबीर आहेत, सूरदास आणि तुलसीदास आहेत, गुरू गोविंदसिंग आहेत. आणि त्यांच्या भोवती घाट, गल्ल्या, विणकर, यात्रेकरू, बायाबापड्या असा अखंड वाहणारा समाज आहे. संत गर्दीतून वेगळे काढून चौथऱ्यावर बसविलेले नाहीत. ज्या काळात देश फाळणीच्या आगीत होरपळत होता, नेमक्या त्याच काळात एका अर्धअंध चित्रकाराने दक्षिणेपासून पंजाबपर्यंतचा भक्तीचा प्रवाह एका भिंतीवर अखंड ठेवला. एकात्मतेवरील शेकडो भाषणांना जे साधत नाही ते तेथे साधले आहे.

हे चित्र त्याच भिंतीवर का आले, हे अधिक महत्त्वाचे. क्षितिमोहन सेन शांतिनिकेतनात राहून गावोगावीच्या साधुसंतांची वाणी गोळा करीत होते. हजारीप्रसाद द्विवेदी त्याच हिंदी भवनात कबीराचा अभ्यास करीत होते. म्हणजे ज्या संतांविषयी खाली बसून ग्रंथ लिहिले जात होते, तेच संत वर भिंतीवर उतरत होते. विद्या आधी आणि चित्र नंतर, हा तो क्रम.

महाराष्ट्रात हा क्रम कोठे दिसतो? मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या दोन लाखांच्या देणगीतून १८७८ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या अंगावर पश्चिम भारतातील जातीजमातींच्या चोवीस मूर्ती आहेत आणि त्या मुकुंद रामचंद्र या भारतीयाने घडविल्या आहेत. कारागिरी आपली, दृष्टी मात्र राज्यकर्त्यांची. प्रजेचे नमुने मांडून ठेवावेत अशी. तरीही बांधणाऱ्यांनी त्या भूमीतील माणसांना इमारतीवर जागा दिली, हे मान्य करावे लागते. स्वातंत्र्यानंतरच्या आपल्या विद्यापीठांनी त्याहून काय अधिक केले? कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसमोर अश्वारूढ शिवछत्रपती आहेत आणि त्या दर्शनाने आजही प्रत्येक नवा विद्यार्थी क्षणभर थबकतो. १९९४ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आणि २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना ज्ञानाच्या दारात येऊ दिले नाही, त्यांची मुले आता त्या दारातून आत येत आहेत आणि आत आपले कोणी दिसावे असे त्यांना वाटते. ही अपेक्षा रास्त आहे, आणि समरसतेचा आग्रह धरणाऱ्यांनी ती सर्वांआधी बोलून दाखवायला हवी. संतसाहित्याची अध्यासने आपल्या विद्यापीठांत आहेत. पण चोखोबा, जनाबाई, नामदेव आणि तुकोबा यांच्यासह निघालेली दिंडी किती विद्यापीठांच्या भिंतींवर चितारली गेली?

भिंत दुर्लक्षित राहते आणि चौथऱ्याची घाई होते. या घाईचे फळ महाराष्ट्राने पाहिले आहे. मालवणजवळ राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवछत्रपतींचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. कला संचालनालयाने मान्यता दिली होती ती सहा फुटी मातीच्या नमुन्याला. उभा राहिला तो ३५ फुटांचा पुतळा. तेथे विद्यापीठ नव्हते, पण धडा तोच आहे. ज्या पुण्यात विनायकराव करमरकरांनी १९२८ मध्ये अश्वारूढ शिवछत्रपती उभे केले आणि जे आजही तितकेच ठाम उभे आहेत, त्या प्रांताला पुतळा कसा घडवावा हे ठाऊक नाही असे नाही. सासवण्याच्या त्या मूर्तिकाराला पिढीजात हात होता आणि त्या हाताला शिक्षणाची जोड होती.

विद्यापीठांच्या अधिसभेत आणि व्यवस्थापन परिषदेत राष्ट्रीय विचारांचे कार्यकर्ते आता मोठ्या संख्येने निवडून येतात. शुल्कवाढ, निकालांतील गोंधळ, वसतिगृहे यांवर ते तळमळीने बोलतात आणि बोललेच पाहिजे. अर्थसंकल्पाच्या पुढील बैठकीत त्यांच्यापैकी एखाद्याने उठून विचारावे, की या वर्षी बांधल्या जाणाऱ्या नव्या इमारतीची कोणती भिंत चित्रकाराला देणार, त्यासाठी किती रक्कम ठेवली, आणि पुतळ्याचा मातीचा नमुना पक्का होण्याआधी महिनाभर ग्रंथालयाच्या दारात ठेवून विद्यार्थ्यांना तो पाहू द्याल काय?